बाबगोंडा मास्तर आणि जांभळा दगड

“आंघोळ घातलीस? त्याला आंघोळ घातलीस व्हय रं, दत्तोबा?”

भर गुजरीत, सोनारांच्या दुकानांच्या दोन रांगांच्या मधोमध उभे राहून बाबगोंडा मास्तर ओरडत होते. उजव्या हातात अर्धा दगड, डाव्या हातात अर्धा दगड, आणि डोक्यावरचा रुमाल सुटून खांद्यावर आलेला. एरवी मास्तरांचा आवाज असा, की वर्गात तिसऱ्या बाकाच्या पलीकडे जायचा तर त्याला टपालाचं तिकीट लावावं लागे. त्या दिवशी मात्र देवीच्या शिखरावरची सगळी कबुतरं उडाली, ती पन्हाळ्यावर जाऊन बसली आणि दोन दिवस खाली उतरली नाहीत. आता कबुतरं मी मोजली नव्हती, हे कबूल करतो. मास्तरांच्या सहवासात माणसाला एवढं तरी कबूल करायची सवय लागते.

दत्तोबा सोनार दुकानाच्या पायरीवर हात जोडून उभा होता.

“मास्तर, वरडू नगासा. माझ्या आज्यापास्नं ह्या दुकानातनं कुणाची वस्तू उजाळा दिल्याबगार भाईर गेलेली न्हाय. मग तुमचीच कशी जाऊ दिऊ?”

“वस्तू? आरं, दागिना हाय काय त्यो?”

“दागिना न्हाय तर काय? बगा की कसा झळकतोय! चिचंच्या पाण्यात दोन दिस ठेवला, पाणी घातलेल्या तेजाबातनं काडला, रिठ्यानं घासला. हात मोडून आला माझा. पैसं तरी मागितलं काय तुमास्नी?”

आणि खरं सांगायचं तर दगड झळकत होताच. पिकल्या जांभळाच्या गराला रेशमाची चमक आली तर कसं दिसेल, तसा. जरा तिरका धरला की त्यात निळी झाक सरकायची. गुजरीतली चार गिऱ्हाइकं सोनं सोडून त्या दगडाकडे बघत राहिली होती. एक बाई तर “केवड्याला हो?” म्हणून विचारून गेली. मास्तर मात्र त्या दगडाकडे असे बघत होते, जसं कुणी घरातलं माणूस ओळखू येईनासं झाल्यावर बघावं.

ही गोष्ट कोल्हापूरचे महाराज गादीवर येऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हाची. मी आणि बाबगोंडा मास्तर एकाच शाळेत होतो. मी चित्रकला शिकवायचो, म्हणजे पोरांकडून माठ काढून घ्यायचो. ते विज्ञान शिकवायचे. शिरोळकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, घरात निम्मं कानडी, आईला ‘अव्वा’ म्हणायचे. अंगकाठी बेताची, कोट एकच, आणि त्या कोटाच्या डाव्या खिशात एक भिंग. पाणी गाळून प्यायचे आणि सूर्य बुडायच्या आत जेवायचे. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांसाठी मेजवानी होती. पानं वाढेपर्यंत दिवस मावळला. मास्तर पंगतीत बसले, पानाला नमस्कार केला आणि सगळ्यांचं होईपर्यंत हात जोडून बसून राहिले. साहेबांनी विचारलं, प्रकृती बरी नाही का? मास्तर म्हणाले, “प्रकृती बरी हाय. सूर्य गेला.”

त्यांचा एक शब्द होता. “तपासलंस?” कुणी काहीही सांगो, मास्तर चष्म्यावरून बघत विचारणार, “तपासलंस?” वाण्यानं मध शुद्ध आहे म्हटलं, “तपासलंस?” पोरानं पोटात दुखतंय म्हटलं, तरी तेच. आणि माझ्यासारख्या माणसाला, ज्याच्या तोंडात सशाचा हत्ती होतो, असा शेजारी म्हणजे केवढा जाच! एकदा रंकाळ्यावर फिरताना मी त्यांना सांगितलं, की काल इथं मी वीस हात लांबीची मगर बघितली.

“मोजलीस?”

“मोजायला ती थांबली न्हाय, मास्तर.”

“मग मोठी हुती म्हण. वीस हात म्हणू नको.”

दहा पावलं चालून गेल्यावर ते पुन्हा थांबले. “आन् मगरच हुती हे कशावरनं?” मला विचाराल तर ती म्हैस होती. पण त्यांना तसं सांगितलं नाही.

आमच्या हेडमास्तरांना मास्तर पहिल्यापासून आवडत नव्हते, त्याचंही मूळ ह्या शब्दातच. एका समारंभात हेडमास्तर उंच आवाजात म्हणाले, की आपल्या शाळेसारखी शाळा अख्ख्या दक्षिणेत नाही. टाळ्या संपल्या आणि त्या शांततेत मागून मास्तरांचा प्रश्न आला, “सगळ्या बघून झाल्या?” त्यांना खरोखरच माहिती हवी होती. टोमणा मारणं त्यांना जमत नसे. पण हेडमास्तरांना टोमण्याखेरीज दुसरं काही ऐकू येत नसे.

आता दगडाचं सांगतो.

अव्वा तरुणपणी बेळगोळच्या यात्रेला गेल्या होत्या. गोमटेश्वराचं दर्शन घेऊन परतताना बैलगाडीचा आस मोडला. दुरुस्ती होईपर्यंत त्या झाडाखाली बसल्या, आणि पायाशी पडलेला एक दगड देवाच्या वाटेवरचा म्हणून ओटीत घालून घरी आल्या. नारळाएवढा, बाहेरून जुन्या गुळाच्या ढेपेसारखा काळपट तपकिरी. पुढं कित्येक वर्षं त्या दगडानं घराचं दार अडवून धरलं. एके दिवशी कोयता सापडेना, म्हणून अव्वांनी तोच दगड उचलून नारळावर हाणला. नारळाला ओरखडा नाही, दगडाचे मात्र दोन तुकडे! हे मी स्वतः बघितलेलं नाही. पण नारळ मी खाल्ला. खोबरं उत्तम होतं.

आतून दगड जांभळा निघाला.

मास्तर त्या दिवशी शाळेत आले ते शाळेत नव्हतेच. मला बाजूला घेऊन म्हणाले, “चितारी, हा रंग दगडात नसतो.” मला ते चितारीच म्हणत. मग त्यांनी आईची उलटतपासणी घेतली. मी हजर होतो.

“अव्वा, कुठं उचललास गं हा?”

“आस मोडला तितं.”

“आस कुठं मोडला?”

“दगुड पडलावता तितं.”

यापलीकडे त्या बाईनं मरेपर्यंत काही सांगितलं नाही, कारण यापलीकडे तिला काही माहीत नव्हतं.

मग तीन महिने मास्तर रोज शाळा सुटली की दत्तोबाच्या दुकानात. शाळेचं सामान म्हणजे दोन तडकलेल्या नळ्या आणि एक कपाट. दगडाची परीक्षा करायला लागतं ते सगळं सोनाराकडे आयतं असतं. फुंकणी आहे, शेगडी आहे, दागिना सांधताना लावायचा टाकणखार आहे, तेजाब आहे, आणि गुंजेचा हिशेब चुकवत नाही असा काटा आहे. मास्तर तारेच्या टोकावर टाकणखार वितळवून त्याचा काचेसारखा मणी करत, त्यात दगडाची कणभर पूड घालत आणि फुंकणीनं त्यावर ज्योत सोडत. मणी थंड झाला की जांभळ्या काचेचा व्हायचा. “मँगनीज,” मास्तर म्हणायचे. मग दुसरी चिमूट तेजाबात विरघळवायची, त्यात शाळेच्या कपाटातलं एक औषध घालायचं आणि जरा ऊन करायचं, की तळाशी हळदीसारखा पिवळा साका बसे. “फॉस्फेट. आपल्या हाडात असतं तसलं.” चिनी कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर दगड ओढला तर रेघही जांभळीच उठे. चाकूनं ओरखडा निघे, म्हणजे दगड तसा मऊच. दत्तोबानं दगड आधी हवेत तोलला, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबता ठेवून तोलला. पाण्याच्या सव्वातीन पट भरला.

“हाडातलं बी हाय आन् लोखंडवाल्यांचं मँगनीज बी हाय,” दत्तोबा म्हणाला. “मग ह्येला म्हणायचं काय, मास्तर?”

“तेच तर. माझ्याजवळच्या कुठल्याच पुस्तकात ह्याला नाव न्हाय.”

मला वाटतं, त्या माणसानं आयुष्यात तेवढी एकच हाव धरली. सरकारच्या दगडमातीच्या खात्यात एक मोठा साहेब होता, आगगाडीनं चार दिवसांच्या वाटेवर. त्याच्याकडून एक ओळ लिहून यावी, की दगड खरा आहे आणि पूर्वी कुणी पाहिलेला नाही. बक्षीस नको, बढती नको. एक ओळ, सही-शिक्क्याची.

मास्तरांनी साहेबाला पत्र लिहिलं. साहेबाचं उत्तर आलं, की नमुना पाठवा, पण वरच्या सालीसकट पाठवा. कारण साधं होतं, मास्तरांनी मला समजावलं होतं. असला दगड जमिनीत युगं काढतो तेव्हा बाहेरून काळवंडतो. ती काळपट साल म्हणजे दगडाचा जन्मदाखला. आतला रंग बघून कुणी शंका घेईल, पण ती साल कुणाला बनवता येत नाही.

पाठवण्याआधी दोन्ही तुकड्यांचं वजन पुन्हा एकदा नीट घ्यायचं होतं. मास्तरांची परीक्षेवर नेमणूक लागली होती, म्हणून ते दोन्ही तुकडे दत्तोबाकडे ठेवून गेले. तीन दिवसांनी आणायला आले, तेव्हा जन्मदाखला चिंचेच्या पाण्याबरोबर गटारात गेला होता. दोन्ही तुकड्यांचा.

गुजरीतून मी त्यांना ओढतच घरी नेलं. वाटेत मला युक्ती सुचली. मला युक्त्या सुचतात, आणि त्या नेहमी वाईट असतात.

“मास्तर, एवढं काय त्यात? मला गेरू द्या, काजळी द्या, थोडा डिंक द्या. अशी साल चढवतो, की दगडालाच वाटंल आपण आंघोळ केलीच न्हाय!”

“चितारी, दगड खरा हाय.”

“म्हणूनच म्हणतो की! खऱ्या दगडापायी थोडं खोटं चालतंय.”

“मग सायबानं काय तपासायचं? दगड का मी?”

आज एवढ्या वर्षांनी सांगतो, मी गप्प बसायला नको होतं. मी ती साल चढवायला हवी होती, त्यांना न विचारता. माझ्या हाताला ते जमलं असतं.

त्यांनी साहेबाला सगळं लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं आणि मराठीत अर्थ सांगितला. सोनारानं दगड चिंचेच्या पाण्यानं व तेजाबानं धुतला. वरची साल गेली. धुऊ नको असं मी त्याला सांगितलं नाही, ही माझी चूक. आतला रंग दगडाचा स्वतःचा आहे. फोडून बघावे. ही शेवटची दोन वाक्यं त्यांनी अधोरेखित केली. सोबत अर्धा दगड, आणि साल होती तेव्हा मी काढलेलं दगडाचं रंगीत चित्र. चित्रात मी जांभळा जरा हात सैल सोडून लावला होता, पण ते त्यांना दिसलं नाही. माझ्यावर त्यांचा कधी संशय नसे. माझ्यावर!

चार महिन्यांनी लखोटा आला. तो हेडमास्तरांनी फोडला आणि मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांना बोलावून मोठ्यानं वाचला. ह्या देशातल्या बाजारांत दगड रंगवायची कला जुनी आहे, असं त्यात होतं. दगड सोनाराच्या हातून गेल्याचं पाठवणारा स्वतःच कबूल करतो, त्यामुळे अधिक काही म्हणायला नको. नमुना परत धाडण्याचा खर्च खातं करत नाही. यापुढे असले नमुने पाठवू नयेत. आणि शेवटी एक ओळ, सोबतचं चित्र मात्र फार सुरेख आहे.

अहो, त्या खात्याकडून आमच्या शाळेला मिळालेलं सही-शिक्क्याचं प्रशस्तिपत्र ते एवढंच. आणि ते मला! मी त्या दिवशी जमिनीत जागा शोधत होतो, आणि माझ्या देहाला लागेल एवढी जागा कोल्हापुरात कुठं मिळणार?

मास्तरांनी एकच विचारलं. “फोडल्याचं लिहिलंय काय त्यात?”

“फोडायची गरज वाटली नसेल,” हेडमास्तर म्हणाले.

“मग तपासला न्हाय.”

“सगळ्या जगाला विचारत होता की हो, तपासलंस का, तपासलंस का! घ्या आता. तुम्हालाच तपासून झालं.”

तीन-चार शिक्षक हसले. कोण कोण ते मला पाठ आहे. नावं घेत नाही. त्यातल्या एकाच्या मुलीच्या लग्नात मी जेवलोय.

पुढच्या वर्षापासून मास्तरांकडून विज्ञान काढून घेतलं आणि खालच्या वर्गांचा भूगोल दिला. कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे गेली. आणि गावानं त्यांना नवीन नाव दिलं, रंगारी मास्तर. कोल्हापुरात एकदा नाव पडलं, की ते धुऊन निघायला दत्तोबाचं तेजाब पुरत नाही. एके सकाळी मुरगूडचा एक म्हातारा काखेत बोचकं घेऊन मास्तरांच्या दारात उभा राहिला.

“रंगारी मास्तर हितंच ऱ्हात्यात न्हवं? पोरीचं लुगडं रंगवायचं हाय. शाळंतल्या एका साहेबानं पत्ता सांगितला.”

मी ओसरीवर बसलो होतो. मला वाटलं, आता कबुतरं पुन्हा पन्हाळ्याला जाणार. मास्तरांनी त्याला गाळलेलं पाणी दिलं. म्हणाले, “बसा पावणं, उन्हातनं आलासा.” मग चपला घातल्या, आणि खऱ्या रंगाऱ्याच्या दारापर्यंत त्याला स्वतः पोचवून आले. कोणता रंग पक्का बसेल तेही वाटेत सांगितलं म्हणे. त्याला कुणी पाठवला होता ते मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. माझाही पगार हेडमास्तरांच्याच सहीनं निघायचा.

मी म्हटलं, “मास्तर, महाराजांकडं जाऊया. महाराज ऐकून घेतात.”

“महाराजांनी ऐकून दगड खरा हुतोय काय? तपासायला पायजे.”

प्लेगच्या साली अव्वा गेल्या. पुढच्या सुट्टीत मास्तर आणि दत्तोबा दोघंच बेळगोळच्या वाटेला लागले, सालीसकट दुसरा दगड मिळतो का बघायला. दत्तोबानं दुकान बंद ठेवलं. गुजरीत दसऱ्याखेरीज न मिटलेलं दुकान! पंधरा दिवस दोघं उन्हात दगड फोडत हिंडले. कुठल्या झाडाखाली कुठल्या काळी एका गाडीचा आस मोडला होता, हे सांगणारं माणूस पृथ्वीवर उरलं नव्हतं. दोघं काळे ठिक्कर होऊन परत आले, पोतंभर साधे दगड घेऊन. दत्तोबानं ते दुकानामागं ओतले. त्यातल्या एकालाही त्यानं कधी पाणी लावलं नाही.

मग काही वर्षांनी एका इंग्रजी मासिकात मास्तरांना ती बातमी दिसली. अमेरिकेत कुणाला तरी जांभळा दगड सापडला होता. मँगनीज आणि फॉस्फेट. बाहेरून काळपट तपकिरी, आतून जांभळा, रेशमी चमकेचा, रेघही जांभळी, वजन पाण्याच्या सव्वातीन पटीच्या आसपास. जगाला नवीन. नावसुद्धा ठेवून झालं होतं.

“काय ठेवलंय नाव?” मी विचारलं.

“त्यांच्या जुन्या भाषेत जांभळा म्हणत्यात तेच.” मास्तरांनी मासिक मिटलं. “अव्वाबी जांभळ्याच म्हणायची.”

त्यांनी खात्याला पुन्हा लिहिलं, की माझा अर्धा दगड आता तरी फोडून बघा. उत्तर लवकर आलं. नमुना सापडत नाही.

तेव्हापासून मास्तरांना एक वेड लागलं. मी वेड म्हणतो, ते कर्तव्य म्हणत. घरी उरलेला अर्धा दगड होता. जो कुणी शंका घेईल त्याला ते ओसरीवर बसवायचे, दत्तोबाकडून शेगडी-फुंकणी मागवायचे, कपाटातलं ते औषध आता पदरच्या पैशानं आणवायचे आणि त्याच्या स्वतःच्या हातानं परीक्षा करायला लावायचे. वकील आले, वैद्य आले, चेष्टा करायला चार रिकामटेकडे आले. प्रत्येकाला चिमूट मण्यासाठी, चिमूट साक्यासाठी. दर वर्षी भूगोलाच्या वर्गातली पोरंही यायची. चाळीस पोरं, चाळीस मणी. एका पोराचा मणी बिघडला की मास्तर दुसरी चिमूट द्यायचे, “स्वतः बघितल्याबगार खरं म्हणू नको.” पोरं जांभळे मणी खिशात घालून पळायची आणि गल्लीत गोट्यांवर बदलून टाकायची.

दगडाचा आधी लिंबाएवढा तुकडा राहिला, मग सुपारीएवढा, आणि मग तुकडा म्हणावं असं काही उरलंच नाही. औषधाच्या पुडीत बांधलेली थोडी जांभळी पूड.

दत्तोबा रडकुंडीला आला. “मास्तर, आता बास करा. येवडं तरी ठेवा. मी चांदीच्या डबीत घालून देतो.”

मीही सांगितलं. भांडलोसुद्धा. मास्तर म्हणाले, “मागंल त्याला तपासू दिला न्हाय, तर त्या सायबात आन् माझ्यात फरक काय ऱ्हायला?”

दत्तोबानं डोळे पुसले आणि शेगडी पुन्हा पेटवली.

मास्तर मला शेवटचे दिसले तो दिवस सांगतो आणि थांबतो.

त्या खात्यातला एक तरुण साहेब दौऱ्यावर कोल्हापुरात आला. जुन्या कागदांत त्याला मास्तरांचं पत्र सापडलं होतं, आणि ‘फोडून बघावे’ ह्याखाली ओढलेली रेघ त्याच्या मनात राहिली होती. साहेबाचा निरोप शाळेत आल्याबरोबर हेडमास्तरांनी कपाटाची किल्ली स्वतः काढून दिली, आणि मास्तरांना सगळ्यांसमोर ‘आमचे बाबगोंडाजी’ म्हणाले. पोरगा सज्जन होता. मास्तरांशी उभं राहून बोलला. परीक्षा मात्र मी माझ्या हातानं करणार, म्हणाला. मास्तरांच्या चेहऱ्यावर एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी उजळलेलं बघितलं. “करायलाच पायजे,” ते म्हणाले आणि खिशातून पुडी काढली.

मी मागून त्यांचा कोट ओढला. “निम्मी ठेवा, मास्तर.” त्यांनी माझा हात हळूच सोडवला.

मणी पहिल्याच फुंकरीला जांभळा झाला. साक्याच्या वेळी साहेबाचा हात अधीर झाला. नळी फार तापली, उसळली आणि पाणी शेगडीत गेलं. साहेब शरमला. मास्तर म्हणाले, “हुतंय असं. पुन्हा करा.” आणि पुडी उलटी करून, कागदाला टिचकी मारून, राहिलेली सगळी पूड त्याच्या दुसऱ्या नळीत झाडली.

तळाशी हळदीसारखा पिवळा साका बसला.

साहेबानं मास्तरांचा हात धरून हलवला. दगड खरा होता, असं तो तीनदा म्हणाला. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबानं वही काढली, टाक बुडवला, आणि मास्तरांना काहीतरी विचारलं. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. साहेबानं पुन्हा विचारलं. मास्तरांनी रिकामा कागद उलगडून दाखवला. मग साहेबानं टाक पुसला, वही मिटली, आणि टांग्यात बसून गेला.

मास्तर नळी विसळत मोरीवर उभे होते. कोटाच्या बाह्या वर केलेल्या, पाठ शाळेकडे. एवढ्यात गुजरीतून दत्तोबा धावत आला. ह्या वयात तो एवढा धावला, की वाटेत दोन टांगे मागं टाकले म्हणतात.

“मास्तर! सायेब काय म्हणाला?”

“दगड खरा म्हणाला.”

“मग? ल्हिऊन दिलं काय? वळ दिली काय ल्हिऊन?”

मास्तरांनी नळी पालथी घातली, हात धोतराला पुसले.

“न्हाय. लिवायला दगड शिल्लक लागतोय म्हणाला.”